शेवटचे २२ दिवस: लाओसची नदी की पेनांगची खोली?

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हनोईहून धाकट्या मावसबहिणीचा फोन आला. जुलैपासून ती एकटी फिरतेय. पाठीवर अकरा किलोची सॅक. आधी बाली आणि जावा, मग कंबोडिया, मग सायगावपासून वर सरकत सरकत हनोई. मुंबईला परतायला २२ दिवस उरलेत, खात्यात साधारण ६० हजार रुपये आहेत आणि परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही. "ताई, लाओसला जाऊ की सरळ पेनांग गाठू?" असं तिनं विचारलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "खरं सांगू का, आता कुठेही गेलं तरी चालेल असं वाटायला लागलंय."

मला तिच्या प्रश्नापेक्षा हे दुसरं वाक्य जास्त लागलं. कारण ते मी स्वतः दोनदा म्हटलंय. २०१९ मध्ये साडेचार महिन्यांच्या प्रवासाचा शेवट मी लाओस आणि उत्तर थायलंडमध्ये केला. २०२४ मध्ये पाच महिन्यांचा शेवट मलेशियातल्या पेनांग बेटावर, एकाच खोलीत राहून. दोन्ही बेत मी अंगावर घेतलेत, म्हणून तिला फोनवर जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते इथे नीट मांडते. तिच्यासारखेच दिवस मोजत कुठेतरी बसलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

आधी थकवा मोजा

शेवटच्या तीन आठवड्यांचं नियोजन करताना आपण पैसे मोजतो, व्हिसाचे दिवस मोजतो, राहून गेलेल्या जागा मोजतो. पण चौथ्या महिन्यानंतर आपल्यातली नवं काही घेण्याची ताकदच उतरणीला लागलेली असते. त्याच्या खुणा अगदी साध्या असतात. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी पडदा ओढून घ्यावासा वाटतो. शेजारच्याला "कुठले तुम्ही?" असं विचारावंसं वाटत नाही. सॅक पूर्ण उघडली जात नाही, वरचे चार कपडे काढायचे आणि तेच परत कोंबायचे.

२०१९ मध्ये मला या खुणा दिसत होत्या, पण मी मनावर घेतल्या नाहीत. शेवटच्या १८ दिवसांत मी नऊ बिछाने बदलले: लुआंग प्रबांग, पाकबेंग, हुआय साय, चिआंग राय, पाय, चिआंग माय, पुन्हा एक डोंगरातलं गाव, पुन्हा चिआंग माय, बँकॉक. चिआंग मायच्या एका देवळासमोरचा माझा फोटो आहे, मागे सोनेरी शिखर, ऊन चांगलं पडलेलं. ते देऊळ कुठलं, हे मला आज सांगता येत नाही. पण पाकबेंगला एका रात्री ज्या बाईनं मला पेज करून दिली, तिच्या हातातल्या पितळी पळीचा बाक मला आठवतो. त्याच १८ दिवसांतल्या या दोन्ही गोष्टी. एके ठिकाणी मी थांबले होते, दुसरीकडे फक्त पोचले होते.

म्हणून माझं मोजमाप एकच: किती वेळा बिछाना बदलणार? शेवटच्या तीन आठवड्यांत तो आकडा पाचाच्या पुढे गेला तर बेत फसला असं समजा, मग देश कुठलाही असो.

लाओस: नदीच्या उलट दिशेनं

हनोईहून लुआंग प्रबांगला विमानानं तासाभरात जाता येतं. बसनं २४ तास किंवा त्याहून जास्त लागतात, तेही आडव्या बर्थवर पाय मुडपून. प्रवासाच्या सुरुवातीला मी बसच सुचवली असती. शेवटी नाही. इथे वाचवलेले पैसे पुढचे दोन दिवस अंथरुणात पडून फेडावे लागतात.

लुआंग प्रबांग हे मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या संगमावरचं चिंचोळं गाव. १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पर्यटक पुष्कळ, पण मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत गेलं की अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात. पाऊस सरला की नाम खानवर दर वर्षी नव्यानं बांबूचा साकव बांधतात आणि पुढच्या पुरापर्यंत वापरतात. पायाखाली तो करकरतो, लवतो. बांधणाऱ्या घरातलं कुणीतरी टोकाला बसून थोडे किप, म्हणजे तिथले पैसे, घेतं. मी रोज संध्याकाळी त्यावरून पलीकडे जायचे आणि तिथल्या पायरीवर बसायचे. गावातल्या माझ्या चार दिवसांतलं सगळ्यात स्पष्ट तेच आठवतं.

पहाटे भिक्षूंची रांग निघते, लोक गुडघ्यांवर बसून त्यांच्या पात्रात भाताचे घास घालतात. हे बघायला जरूर जा, पण समोरच्या फुटपाथवरून, शांतपणे, कॅमेरा खाली ठेवून. फ्लॅश मारत भिक्षूंच्या तोंडासमोर जाणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला फार वाईट वाटलं होतं. सकाळची पूजा करणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी असं अडवेल का?

तिथून पुढची गोष्ट म्हणजे बोट. थायलंडच्या हद्दीवरच्या हुआय सायपर्यंत दोन दिवसांचा प्रवास, मध्ये पाकबेंगला रात्रीचा मुक्काम. बहुतेक लोक हुआय सायहून खाली येतात. मी उलट, प्रवाहाविरुद्ध गेले आणि मला तेच आवडलं. वेळ जास्त लागतो, पहिल्या दिवशी चांगले नऊ तास लागले, पण बोटीत गर्दी कमी आणि गावकरी जास्त असतात. धक्का गावापासून दहा-एक किलोमीटरवर आहे, तेव्हा सकाळी लवकर निघा. बोट लांबट, अरुंद. बसायला जुन्या गाड्यांमधून काढलेल्या सीटा, नुसत्या फळ्यांवर ठेवलेल्या. पुढच्या बाजूला बसा. इंजिन मागे असतं आणि त्याच्याजवळ बसलं तर दिवसभर कानात घरघर राहते. माझ्या शेजारी एक आजी होत्या, पायाशी टोपलीत दोन कोंबड्या. दुपारी जिथे ना घर ना पायवाट दिसत होती, फक्त पांढरी वाळू होती, तिथे बोट टेकली. आजी उतरल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि झाडीत दिसेनाशा झाल्या. नावाड्यानं वेळूनं काठाला रेटा दिला आणि आम्ही पुढे निघालो.

त्या रात्री पाकबेंगला मला ताप भरला. औषधाचं दुकान बंद होतं. खोलीच्या मालकीणबाईंना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला आणि भाताची पेज करून आणली, वर मीठ आणि थोडं आलं. आजारपणात घरी मिळते तशीच. सकाळपर्यंत ताप उतरला, पण उतरला नसता तर काय, हा विचार मी आज जास्त गांभीर्यानं करते. नदीच्या त्या टप्प्यात मोठा दवाखाना जवळ नाही.

आता ही बोट लवकर करून घ्या असं मी का सांगते ते ऐका. लुआंग प्रबांगच्या वर साधारण २५ किलोमीटरवर मेकाँगवर १,४६० मेगावॉटचं धरण उभं राहतंय. नदीचा तो तुकडा मी पाहिला तसा राहणार नाही. नाम ओऊ नदीवर हे आधीच घडलंय: तिथे एकापाठोपाठ एक सात धरणं झाली आणि लुआंग प्रबांगहून त्याच नदीवरच्या नोंग खिआव गावाला जाणारी बोट बंद पडली. त्यामुळे बोट सध्या कुठून सुटते, मध्ये कुठे बदलावी लागते, हे लुआंग प्रबांगला पोचल्यावर धक्क्यावरच विचारा. जुन्या लेखांवर विसंबू नका, माझ्याही नाही.

नदी नकोच असेल तर आता दुसरी वाट आहे. २०१९ मध्ये लाओसची राजधानी व्हिएन्तियानहून लुआंग प्रबांगला यायला मला घाटातून दहा तास लागले होते. ३ डिसेंबर २०२१ ला लाओस-चीन रेल्वे सुरू झाली आणि तेच अंतर आता दोन तासांवर आलंय. जुलै २०२४ पासून व्हिएन्तियान ते बँकॉक अशी रात्रीची थेट गाडीही आहे. म्हणजे दमलेल्या माणसाला लुआंग प्रबांगमध्ये आठवडाभर राहून, फक्त दोन गाड्या बदलून बँकॉक विमानतळ गाठता येतो. माझ्या वेळी ही सोय असती तर शेवटचे नऊ बिछाने चारावर आले असते.

एक गोष्ट मात्र लाओसला जाणाऱ्या प्रत्येकानं ठाऊक करून घ्यावी. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं या छोट्या देशावर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. न फुटलेले गोळे आजही शेतात, जंगलात सापडतात, माणसं आणि मुलं दगावतात. लुआंग प्रबांगमध्ये याची माहिती देणारं छोटं केंद्र आहे, तिथे तासभर काढा. आणि फिरताना मळलेली पायवाट सोडू नका.

पेनांग: एकच किल्ली, सत्तावीस रात्री

२३ जानेवारी २०२४ ला मी पेनांगच्या मुख्य शहरात, जॉर्ज टाउनला उतरले आणि १९ फेब्रुवारीला निघाले. एका जुन्या दुकानघराच्या वरच्या मजल्यावर पंख्याची खोली घेतली. लाकडी जमीन, रस्त्याकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या. रात्रीला ५० रिंगिट, म्हणजे सगळे मिळून १,३५० रिंगिट, तेव्हाच्या दरानं साडेतेवीस हजार रुपयांच्या आसपास. पहिल्या संध्याकाळी मी सॅक तळापर्यंत रिकामी केली, कपडे खुंटीवर लावले आणि सॅक पलंगाखाली सरकवली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"महिनाभर एकाच गावात? कंटाळा नाही आला?" हे मला अजून लोक विचारतात. पहिले तीन दिवस आला. मग गाव ओळखीचं होऊ लागलं. खालच्या ठेल्यावरचा माणूस विचारण्याआधीच बिनसाखरेची कॉफी पुढे ठेवायला लागला. मलाय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी एकाच फुटपाथवर ऐकू येतात. तिथला प्रसिद्ध भात, नासी कांदार, तमिळ मुसलमान विक्रेत्यांनी रूढ केला. पूर्वी ते खांद्यावर कावड घेऊन भात विकायचे आणि कांदार म्हणजे ती कावडच. हे मला सांगितलं तिथेच जेवणाऱ्या एका म्हाताऱ्या हमालानं, तिसऱ्यांदा शेजारी बसलो तेव्हा. दोन दिवसांत गाव उरकणाऱ्याला अशी तिसरी वेळ मिळत नाही.

माझं नशीब असं की त्या चार आठवड्यांत दोन मोठे सण आले. २४ जानेवारीला, थायपुसम या तमिळ सणाच्या आदल्या दिवशी, मुरुगनचा म्हणजे आपल्या कार्तिकेयाचा रथ निघाला आणि रस्त्यावर नारळांचे ढीग रचले गेले. नारळ फोडणाऱ्यांत तमिळ तर होतेच, चिनी कुटुंबंही होती, आजोबा-नातवंडांसकट. रस्ताभर खोबऱ्याचं पाणी वाहत होतं. मग १० फेब्रुवारीला चिनी नववर्ष. त्यानंतरच्या आठव्या रात्री तिथले होक्किएन बोलणारे चिनी लोक स्वर्गाच्या अधिपतीचा वाढदिवस करतात. त्यासाठी मी च्यू जेट्टीला गेले. समुद्रात खांब रोवून त्यावर उभी केलेली ही वस्ती, सगळी घरं च्यू आडनावाची. लांबच लांब मांडलेल्या मेजांच्या पायांना पानांसकट उसाची कांडकी बांधलेली होती. शत्रूपासून पळताना आपले पूर्वज उसाच्या फडात लपले आणि वाचले, अशी त्यामागची कथा. मध्यरात्री त्या उसाखाली उभी असताना मला आमच्या अंगणातलं तुळशीचं लग्न आठवलं आणि घरी जायची ओढ लागली. चांगली ओढ, पळून जावंसं वाटणारी नव्हे.

पण नोव्हेंबरात पेनांगला पाऊस असतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तिथले सगळ्यात ओले महिने. माझ्या वाट्याला जानेवारी-फेब्रुवारीचं कोरडं आभाळ आलं, सणांनी गजबजलेलं गाव आलं. बहिणीला तसं मिळणार नाही. दुपारी दोन-दोन तास पाणी कोसळेल आणि १९२३ पासून चालणाऱ्या पेनांग हिलच्या रेल्वेतून वर जाऊन ढगच दिसतील.

हवेच्या बाबतीत लाओसचं गणित नेमकं उलटं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तर लाओस आणि उत्तर थायलंडमध्ये शेतं आणि रानं जाळतात, धूर दरीत साचतो. मार्च २०१९ मध्ये चिआंग मायला मी चार दिवस तोंडावर फडकं बांधून फिरले, डोंगर दिसलेच नाहीत. नोव्हेंबरात मात्र तिथे पाऊस संपलेला, हवा धुतलेली, नदीला पाणी भरपूर, रात्री अंगावर शाल घ्यावी असा गारवा. तुमचे शेवटचे आठवडे कोणत्या महिन्यात येतात, हे दोन्हीकडच्या सगळ्या सौंदर्यापेक्षा महत्त्वाचं.

पैसा, कागद, पोट

भारतीय पासपोर्टवर मलेशियात डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस बिनव्हिसा राहता येतं. थायलंडचीही व्हिसामाफी आहे, पण त्यातल्या दिवसांचा नियम बदलत आलाय, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर बघा. दोन्ही देशांत पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्र भरावं लागतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारं पान दिसलं तर ते बंद करा. लाओसचा व्हिसा लुआंग प्रबांगच्या विमानतळावर मिळतो, ३० दिवसांचा. एक फोटो आणि डॉलरच्या कोऱ्या नोटा जवळ ठेवा, चुरगळलेली किंवा कोपरा फाटलेली नोट परत करतात. व्हिएतनामच्या ई-व्हिसाची शेवटची तारीख आधी तपासा, एक दिवस उलटला तरी दंड आणि मनस्ताप.

किप लाओसबाहेर कुणी घेत नाही, तेव्हा थोडेथोडेच काढा. २०१९ मध्ये डॉलरला साडेआठ हजारांच्या आसपास किप मिळायचे, २०२४ पर्यंत ते वीस हजारांच्या वर गेले. आपल्याला ते स्वस्त पडतं, पण तिथल्या माणसाचा पगार मात्र त्याच वेगानं आक्रसलाय. भाजीवालीशी दोन हजार किपसाठी घासाघीस करताना एवढं लक्षात असू द्या.

शाकाहारी माणसासाठी पेनांग कितीतरी सोपं. केळीच्या पानावरचं तमिळ जेवण आहे, चिनी बौद्धांची शाकाहारी दुकानं आहेत. लाओसमध्ये भाजीतसुद्धा आंबवलेल्या माशांचं पाणी असतं, ते घालू नका हे दर वेळी सांगावं लागतं. चिकट भात मात्र कुठेही मिळतो, बांबूच्या छोट्या टोपलीत. हातानं गोळा करून खायचा, मिरचीच्या ठेच्याबरोबर. मी त्यावर कितीतरी दिवस काढलेत.

दवाखान्याच्या बाबतीत तर तुलनाच नाही. पेनांगला इंडोनेशियाहून लोक खास उपचारांसाठी येतात. अंगात बारीक ताप असेल, पोट दोन आठवडे बिघडलेलं असेल, दात ठणकत असेल, तर लाओसचा विचार सोडा आणि पेनांग गाठा. आणि प्रवास विम्याची मुदत बघा. पाच-सहा महिन्यांपूर्वी घेतलेला विमा नेमका याच आठवड्यांत संपतो. वाढवायचा तर तो संपायच्या आधी वाढवावा लागतो.

जे बेत मी खोडले

उत्तर व्हिएतनाममधल्या हा-जांगच्या डोंगरातला मोटारसायकलचा फेरा तिच्या यादीत होता. साडेतीनशे किलोमीटरचा तो रस्ता विलक्षण आहे, पण दमलेल्या माणसानं घाटात दुचाकी चालवू नये. जायचंच असेल तर तिथल्या चालकाच्या मागे बसून जा. थायलंडमध्ये दहा दिवसांचं विपश्यना शिबिर हा तिचा दुसरा विचार. आमचं आजोळ नाशिकला, इगतपुरी तासाभरावर. ते शिबिर तिनं घरी आल्यावर, आजीच्या हातचं चार दिवस जेवून करावं, असं मला मनापासून वाटतं.

लवकर घरी यायचा पर्यायही मी तिच्यापुढे ठेवला. २२ दिवस आहेत म्हणून ते संपवलेच पाहिजेत असं नाही. पण "घरी यावंसं वाटतंय का?" असं विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नाही, फक्त सॅक उचलावीशी वाटत नाही."

मग तिला सांगितलं ते असं. महिना जानेवारी असता तर एका शब्दात पेनांग म्हटलं असतं. नोव्हेंबर आहे, तब्येत ठीक आहे, म्हणून लाओस, पण पेनांगसारखं राहायचं. विमानानं लुआंग प्रबांग, तिथे नऊ रात्री एकाच खोलीत. मग नोंग खिआवहून होडीनं तासाभरावरच्या मुआंग न्गोयला पाच रात्री, तिथे नदीकाठी झोळण्यात पडण्यापलीकडे फारसं काम नाही. परत येऊन बोट किंवा आगगाडी, जे तेव्हा जमेल ते. कार्तिकी पौर्णिमेला चिआंग मायला पाण्यात दिवे सोडतात, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेसारखेच, पण त्यासाठी धावत जायचं नाही. नदी लुआंग प्रबांगलाही आहे. शेवटच्या दोन रात्री बँकॉकला, विमानाच्या आधी श्वास घ्यायला. बोट मिळाली तर वाटेतला पाकबेंग आणि हुआय साय धरून सहा बिछाने होतात, गाडीनं चार. माझ्या पाचाच्या मर्यादेला नदीसाठी एकाची सूट मी स्वतःहून दिली.

काल तिचा निरोप आला. लुआंग प्रबांगला नाम खानच्या बाजूला खोली मिळाली आहे, साकव अजून बांधतायत, बांबू काठावर येऊन पडलेत. खाली एक प्रश्न होता: सगळे कपडे एकदम धुवायला टाकायचेत, किलोवर धुऊन देणारी बाई कुठल्या गल्लीत होती?